आवक, विसर्ग आणि थ्रेशोल्डचं धावणं

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकमध्ये एकच प्रश्न फिरतो: गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलं? पायाशी असेल तर कुणी फारसं मनावर घेत नाही. कमरेला लागलं की गोदाकाठचे टपरीवाले सामान हलवायला लागतात. छातीपर्यंत गेलं की पूर आला असं सगळं गाव मानतं. किती क्युसेक सोडलं तो आकडा पेपरात येतो, पण आम्हाला तो कळतो मारुतीच्या अंगावरूनच.

आमच्या धावण्याच्या गटात नवीन आलेलं कुणी "ताई, हे थ्रेशोल्ड थ्रेशोल्ड म्हणतात ते नक्की काय असतं?" असं विचारतं, तेव्हा मी मारुतीपासूनच सुरुवात करते. धावणाऱ्याच्या रक्तातही हाच हिशेब चालू असतो. एक आवक, एक विसर्ग, आणि दोघांच्या वजाबाकीतून ठरणारी पातळी.

धावताना स्नायू साखर मोडून शक्ती मिळवतात. ती मोडताना लॅक्टेट नावाचा पदार्थ तयार होतो. तुम्ही आत्ता बसून हे वाचताय, तरीही तो तयार होतोय. निवांत बसलेल्या माणसाच्या रक्तात लिटरमागे साधारण १ मिलिमोल (हे रक्तातलं प्रमाण मोजायचं एकक) लॅक्टेट असतं. म्हणजे आवक कधीच बंद नसते. विसर्गही चालूच असतो. हृदय लॅक्टेट जाळून त्यावर काम करतं, पायातले चिवट, हळू दमणारे स्नायूतंतू ते वापरतात, यकृत त्याची पुन्हा साखर करून ठेवतं. गप्पा मारत रमतगमत धावलात तर आवक थोडी वाढते, विसर्गही तेवढाच वाढतो, आणि पातळी जागच्या जागी राहते. अजून वेग वाढवला की पातळी २ मिलिमोलच्या आसपास जाते, पण तिथे टिकते. श्वास जोरात चालतो, गप्पा तुटक होतात, तरी शरीर सांभाळून घेतं.

मग एक वेग असा येतो की त्याच्या पुढे गेलं की विसर्ग कमी पडायला लागतो. वेग तोच ठेवला तरी पातळी चढतच राहते. दर मिनिटाला पाणी वर. पातळी स्थिर राहू शकेल असा जो शेवटचा वेग, त्याला थ्रेशोल्ड म्हणतात. मराठीत उंबरठा म्हणता येईल, पण मैदानावर तसं कुणी म्हणत नाही, म्हणून मीही थ्रेशोल्डच म्हणते. पुस्तकांत या ठिकाणी ४ मिलिमोल हा आकडा वाचायला मिळतो. १९७०च्या दशकात जर्मनीत झालेल्या कामातून तो रूढ झाला. सोयीचा आकडा आहे, पण प्रत्येकाचा मारुती वेगळ्या उंचीचा असतो. कुणाचा थ्रेशोल्ड २.५ला येतो, कुणाचा ५च्या जवळ.

इथे एक जुना गैरसमज काढून टाकायला हवा, कारण तो अजूनही मैदानावर रोज ऐकू येतो. "पायात लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय, म्हणून दुखतंय." (हे अ‍ॅसिड म्हणजे लॅक्टेटचंच आम्लरूप.) १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग केले. थकलेल्या स्नायूत लॅक्टिक अ‍ॅसिड साचलेलं त्यांना दिसलं. पुढे स्नायूंच्याच अभ्यासासाठी हिल आणि मायरहॉफ यांना १९२२चं नोबेल मिळालं. जिथे थकवा तिथे हे अ‍ॅसिड दिसतं, तेव्हा थकवा त्याच्यामुळेच येतो, अशी समजूत तिथून घट्ट झाली आणि अनेक दशकं टिकली. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या जॉर्ज ब्रूक्स यांनी ती उलटी केली. लॅक्टेट हा कचरा नाही, ते इंधन आहे; एका स्नायूत तयार होऊन रक्तातून दुसरीकडे जातं आणि तिथे जळतं, असं त्यांनी दाखवलं. कितीही जोरात धावलात तरी तासाभरात लॅक्टेट नेहमीच्या पातळीवर येतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतात, त्या स्नायूंना झालेल्या बारीक बारीक इजांमुळे.

मग लॅक्टेट मोजायचं कशाला? मारुतीकडे बघतो, त्याच कारणासाठी. पूर मारुतीमुळे येत नाही, पण पूर किती आलाय ते त्याच्याकडे बघून कळतं. पातळी चढायला लागली याचा अर्थ स्नायूंमधला साखरेचा साठा भराभर संपतोय, आतलं रसायन बिघडतंय, आणि या वेगाने तुम्ही फार वेळ टिकणार नाही. एवढंच नाही, या धावेतून सावरायला आता जास्त दिवस लागतील. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, सगळा लेख त्यावरच उभा आहे.

थ्रेशोल्डचा वेग म्हणजे नक्की किती, याचं सोपं उत्तर असं: शर्यतीच्या दिवशी, जीव लावून, साधारण तासभर टिकवता येईल असा वेग. यातली एक गंमत बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. आमच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१०च्या ग्वांगझू एशियाडमध्ये १०,००० मीटर ३१ मिनिटं ५१ सेकंदांत धावून रौप्यपदक घेतलं. सुवर्ण जेमतेम एका सेकंदाने हुकलं. तिच्यासाठी १०,००० मीटर ही अर्ध्या तासाची शर्यत, म्हणजे थ्रेशोल्डच्या बऱ्याच वर चाललेली. तुम्हाला-मला १० किलोमीटरला तास लागत असेल, तर आपला १० किलोमीटरचा वेग हाच आपला थ्रेशोल्ड. मोठ्या खेळाडूंसाठी लिहिलेला "१० किलोमीटरच्या वेगाने इंटर्व्हल" (म्हणजे मध्ये थांबत तुकड्यातुकड्यांनी धावणं) असा तक्ता आपण जसाच्या तसा उचलला की तो आपल्यासाठी वेगळाच व्यायाम होतो. अंतर सारखं, नावही सारखं, पण शरीरावरचा भार अगदी वेगळा. म्हणून मी सगळं मिनिटांत मोजायला सांगते.

आता नॉर्वेकडे वळू, कारण दर दुसऱ्या दिवशी थ्रेशोल्ड ही पद्धत गाजली तिथून. मारियस बक्केन हा ५,००० मीटरचा धावपटू, दोन ऑलिंपिक खेळलेला, पुढे डॉक्टर झालेला. २००४ साली त्याने १३ मिनिटं ६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. स्वतःच्या बोटाला टोचून टोचून त्याने हजारो वेळा लॅक्टेट मोजलं. ४च्या आसपास, म्हणजे पुस्तकी थ्रेशोल्डवर, धावण्यापेक्षा २.३ ते ३च्या पट्ट्यात राहिलं तर कितीतरी जास्त काम करता येतं आणि ते अंगी लागतं, असं त्याला आढळलं. तो एकाच दिवशी सकाळी आणि संध्याकाळी असं दोनदा थ्रेशोल्ड करायचा. मग इंगेब्रिगत्सेन भावांनी हीच वाट धरली. धाकटा याकोब २०२१ साली टोकियोत १,५०० मीटरचा आणि २०२४ साली पॅरिसमध्ये ५,००० मीटरचा ऑलिंपिक विजेता झाला. टोकियोतच ट्रायथलॉनचं सुवर्ण घेणारा क्रिस्तियान ब्लुमेनफेल्ट हाही त्याच देशाचा आणि रोजच्या सरावात लॅक्टेट मोजणाऱ्यांपैकी. या सगळ्यांकडे बघून जगभरचे हौशी धावपटू विचारायला लागले, की यातलं आपल्याला काय घेता येईल?

आठवड्याला १६०-१७० किलोमीटर आणि दिवसातून दोनदा इंटर्व्हल हे तर आपल्यासाठी नाही. आपल्याला सातपूरला पहिल्या पाळीला जायचं असतं, डबे भरायचे असतात. पण त्यामागचा विचार घेता येतो. तो समजायला आमच्या गटातली नेहमीची पद्धत बघू.

मंगळवार हा मोठ्या मेहनतीचा दिवस. सगळे एकमेकांना बघून पळतात, शेवटच्या इंटर्व्हलला कुणीतरी ओणवं होऊन गुडघे धरतं, फोटो निघतो, छान वाटतं. बुधवारी पाय जड. गुरुवारीही जड. शुक्रवारी जरा बरं वाटतं, तर रविवारच्या लांब धावेत पुन्हा चढाओढ. सोमवारी सगळे आजारी माणसासारखे जिने उतरतात. आठवड्याचा हिशेब मांडला तर खऱ्या उपयोगी तीव्रतेत घालवलेली मिनिटं पंचवीस-तीसच भरतात. बाकीचा वेळ त्यातून सावरण्यात गेला.

याउलट कुणी मंगळवारी थ्रेशोल्डच्या किंचित खाली अर्धा तास केला, तर तो माणूस गुरुवारी पुन्हा तेवढंच करू शकतो. शनिवारी पुन्हा. आठवड्याची बेरीज नव्वद मिनिटांकडे जाते. एका दिवसाचं काम कमी धाडसी दिसतं, पण वर्षभरात जमा होणारं काम कितीतरी पट होतं. शरीर या जमा होण्यावरच बदलतं. स्नायूंच्या पेशींमध्ये ऑक्सिजन वापरून शक्ती तयार करणारी मायटोकाँड्रिया नावाची बारकी यंत्रं असतात, ती वाढतात. स्नायूंभोवतीच्या केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. लॅक्टेट आत-बाहेर नेणारी वाहतूक सुधारते. म्हणजे धरणाचे दरवाजे वाढतात. उद्या तेवढीच आवक आली तरी पातळी चढत नाही. दरवाजे बसवायला महिने लागतात. एका मंगळवारच्या पुराने ते बसत नाहीत.

या पद्धतीत अर्धा तास सलग धावत नाहीत, तुकडे करतात, आणि मध्ये फक्त मिनिटभर थांबतात. तेवढ्या मिनिटात साचू लागलेलं लॅक्टेट जरा खाली बसतं, पण हृदय आणि श्वास पुरते थंड होत नाहीत. परिणाम असा की सलग धावण्यापेक्षा किंचित जास्त वेगाने, पण लॅक्टेट न चढू देता, जास्त वेळ काम होतं. शिवाय दर तुकड्याला थांबून स्वतःला विचारता येतं: आत्ता सांभाळून आहे की वाहवत चाललोय? सलग धावताना हा प्रश्न विचारायला सवडच मिळत नाही.

आमच्याकडे आता साधारण असं चालतं. मंगळवारी ३ मिनिटांचे दहा तुकडे. गुरुवारी ६ मिनिटांचे पाच. शनिवारी १० मिनिटांचे तीन. प्रत्येक तुकड्यानंतर एक मिनिट चालणं किंवा अगदी सावकाश पळणं. आधी पंधरा मिनिटं अंग गरम करायला, नंतर दहा मिनिटं थंड व्हायला. रविवारी लांब पण निवांत. सोमवार, बुधवार, शुक्रवार एकतर हळू धावणं, नाहीतर सुट्टी. बास. कंटाळवाणं वाटेल, पण ज्यांना जमलं त्यांना याच साधेपणाने जमलं.

वेगाचा अंदाज आकड्यांत देते. ज्यांना १० किलोमीटरला ६० मिनिटं लागतात त्यांनी ३ मिनिटांचे तुकडे किलोमीटरला ६:०० ते ६:०५ने, ६ मिनिटांचे ६:१० ते ६:१५ने आणि १० मिनिटांचे ६:२०च्या आसपास धरावेत. ४५ मिनिटांत १० किलोमीटर धावणाऱ्यांनी अनुक्रमे ४:३८ ते ४:४२, ४:४३ ते ४:४८ आणि ४:५० ते ४:५५. तुकडा लांबेल तसा वेग थोडा खाली, म्हणजे रक्तातली पातळी तिन्ही दिवशी जवळपास सारखी राहते. हे आकडे म्हणजे सुरुवात. यापेक्षा हळू धावलात तर नुकसान जवळजवळ काहीच नाही. यापेक्षा जोरात धावलात तर सगळा बेत बिघडतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या एका डॉक्टर मैत्रिणीने लॅक्टेट मोजायचं छोटं यंत्र आणलं. साखर तपासायच्या यंत्रासारखंच असतं, एक पट्टी आणि रक्ताचा एक थेंब. गोल्फ क्लब मैदानाच्या कट्ट्यावर तिने रुमाल पसरला, त्यावर पट्ट्यांची डबी, कापूस, पाण्याची बाटली. अंधार होता, कुणीतरी मोबाइलचा उजेड धरला. मी दुसरा तुकडा संपवून आले आणि तिने माझं बोट टोचलं. आकडा आला ८च्या वर. मी घाबरले, ती नाही. "घाम," ती म्हणाली. घामातही लॅक्टेट असतं, बोटावरचा घाम थेंबात मिसळला की आकडा फुगतो. तिने बोट धुतलं, कोरडं पुसलं, पहिला थेंब कापसाने टिपून टाकला आणि दुसरा पट्टीला लावला. २.३. तिसऱ्या तुकड्यानंतर २.९. चौथ्याला एक पंचविशीतला मुलगा शेजारून गेला आणि मी नकळत त्याच्या मागे लागले. घड्याळात बघितलं तर किलोमीटरला फक्त बारा सेकंद जास्त वेग होता. मला त्रासही झाला नव्हता, उलट मजा आली होती. आकडा आला ४.८.

ते बारा सेकंद मला अजून आठवतात. त्या तुकड्याच्या शेवटी मी सहज म्हटलं असतं की सगळं ताब्यात आहे. पण पाणी कमरेला लागलं होतं.

हे मला आधी कळलं असतं तर एक अख्खा हंगाम वाचला असता. त्याच्या आदल्या वर्षी मी आठवड्यातून तीन दिवस थ्रेशोल्डच्या नावाखाली प्रत्यक्षात तीन शर्यती धावत होते. पाचव्या आठवड्यात नडगीच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं तरी कळ यायला लागली. सहा आठवडे धावणं बंद, जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन टीव्हीवर बघितली. म्हणून आता मी नव्यांच्या मागे लागते, हळू, अजून हळू, म्हणून. त्यांना वाटतं ताई भित्री आहे. वाटू दे.

यंत्र सगळ्यांनी विकत घ्यायची काही गरज नाही. पट्ट्या महाग पडतात आणि अंगाची भाषा शिकली की भागतं. तुकड्याच्या शेवटच्या मिनिटात "आज गार आहे, पण वारा नाही" एवढं वाक्य एका दमात बोलता यायला हवं. दोन शब्दांवर अडखळलात तर वर गेलात. अख्खी गोष्ट सांगता आली तर खाली आहात, तेही चालेल. शेवटचा तुकडा संपल्यावर अजून एक-दोन सहज झाले असते असं मनापासून वाटायला हवं. आणि ते एक-दोन करायचे नाहीत.

नाडीच्या ठोक्यांवर जायचं असेल तर एकदा चाचणी करा. एकट्याने, सपाट रस्त्यावर, अंग गरम करून ३० मिनिटं एकसारखं, टिकेल तेवढं जोरात धावा. शेवटच्या २० मिनिटांची सरासरी नाडी तुमच्या थ्रेशोल्डच्या जवळ असते. इंटर्व्हलमध्ये तिच्यापेक्षा चार-पाच ठोके खाली राहा. २२० वजा वय हे सूत्र यासाठी वापरू नका, एखाद्या माणसाच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. मनगटावरच्या घड्याळावरही आंधळा विश्वास नको. डिसेंबरात नाशिकची सकाळ ८-९ अंशांवर येते, त्वचेतलं रक्त आत ओढलं जातं आणि घड्याळ नाडीऐवजी पावलांचा ठेका मोजायला लागतं. आकडा अचानक १७०च्या पुढे चिकटून बसला की समजा. छातीचा पट्टा जास्त खरं बोलतो.

नाशिकच्या हवेबद्दल आणि रस्त्यांबद्दल बोलायलाच हवं. ऊन वाढलं की तोच वेग वेगळा होतो. एप्रिलमध्ये साडेसात वाजता ऊन अंगावर आलं की रक्ताचा मोठा वाटा अंग थंड ठेवायला त्वचेकडे वळतो, स्नायूंना कमी पडतो, आणि जानेवारीत आरामात जमणारा वेग थ्रेशोल्डच्या वर जातो. उन्हाळ्यात किलोमीटरला दहा-वीस सेकंद सोडून द्या आणि मनाला लावून घेऊ नका. रस्त्यांचंही तसंच. गंगापूर रोडवरून सोमेश्वरकडे जाताना चढ-उतार आहेत, पांडवलेणीच्या पायथ्याशी तर विचारायलाच नको. चढावर वेग धरून ठेवायला गेलात की पातळी वर गेलीच, आणि नाडी ते अर्धा-एक मिनिट उशिरा सांगते. चढावर मेहनत सारखी ठेवा, वेग पडेल तेवढा पडू द्या. मिनिटांत मोजण्याचा इथेही फायदा होतो. सहा मिनिटं चढावरही सहाच असतात.

हळू धावण्याच्या दिवसांवर दोन शब्द, कारण ही पद्धत बिघडते ती बहुतेक तिथेच. हळू म्हणजे नाकाने श्वास घेता येईल, घरातली सगळी उणीदुणी काढता येतील, इतकं हळू. ६० मिनिटांत १० किलोमीटर करणाऱ्याने किलोमीटरला साडेसात-आठ मिनिटांनी धावावं. आमच्यातले एक काका, एमआयडीसीतून निवृत्त झालेले, बुधवारी इतके सावकाश धावतात की मॉर्निंग वॉकवाल्या बायका त्यांना ओलांडून जातात. त्यांना त्याचं काही वाटत नाही. गुरुवारी सहा मिनिटांच्या तुकड्यांना हेच काका आमच्यातल्या निम्म्या तरुणांच्या पुढे असतात.

मैदानावर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली मोठ्या संख्येने येतात. पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडून आलेली, खोली घेऊन राहणारी. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. ती रोज, अगदी रोज, पूर्ण जोर लावून तेच अंतर पळतात आणि वेळ लिहून ठेवतात. महिनाभर वेळ सुधारते, मग अडते, मग कुणाची नडगी जाते, कुणाचा मागचा स्नायू. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यांच्यासाठी हा छंद नाही, घराचा प्रश्न आहे. १,६०० मीटरला मुख्य इंधन अजूनही ऑक्सिजनवरचंच असतं. आठवड्यातून दोन दिवस ३ मिनिटांचे आठ-दहा सांभाळून केलेले तुकडे, एक दिवस ४०० मीटरचा खरा जोराचा सराव, बाकी निवांत, एवढ्यावर त्यांचा पाया कितीतरी पक्का होईल. मात्र एवढ्या छोट्या शर्यतीला नुसता थ्रेशोल्ड पुरत नाही, हेही सांगायला हवं. त्या जोराच्या दिवसाशिवाय शेवटचे ३०० मीटर जमत नाहीत. ८००वाल्या मुलींना तर त्याची जास्तच गरज आहे.

लांब शर्यतवाल्यांनाही पाय थोडे चपळ ठेवायला हवेत. हळू धावण्याच्या एखाद्या दिवशी शेवटी २० सेकंदांच्या पाच-सहा मोकळ्या, सुटसुटीत धावा पुरे.

कुणी थांबावं? धावायला लागून वर्ष झालं नसेल तर आधी नुसतं निवांत धावण्याची सवय पक्की करा, नंतर आठवड्यातून एक दिवस, मग दोन. हाडं आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट पट्टे हृदयापेक्षा फार सावकाश तयार होतात. छातीत दुखणं, चक्कर, घरात कमी वयात हृदयविकार, असं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रात्रपाळी करून आलेल्या सकाळी थ्रेशोल्ड अजिबात नको, त्या दिवशी झोपच घ्या.

आणि बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंपर्यंत ऑक्सिजन कमी, म्हणजे विसर्गाचे दरवाजे अर्धे बंद. महिनोन् महिने नीट सराव करूनही सगळे वेग जड वाटत असतील तर तक्ता बदलण्याआधी रक्त तपासा, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे अंगातला लोहाचा साठा. आमच्या गटात एक मैत्रीण स्वतःला आळशी समजत राहिली. तिचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. औषध सुरू झालं, आणि तीन-चार महिन्यांत तोच सराव तिला मानवायला लागला.

फरक कधी दिसतो? दोन आठवड्यांत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी बघा, आणि शर्यतीची वाट न बघता बघा. मी गुरुवारचे सहा मिनिटांचे पाच तुकडे नेहमी एकाच रस्त्यावर, एकाच ठिकाणाहून सुरू करते आणि नाडी तीच ठेवते. नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी पहिला तुकडा एका नर्सरीच्या फाटकाशी संपला होता, जिथे गुलाबाच्या पिशव्या रांगेने मांडलेल्या असतात. जानेवारीत तेवढ्याच नाडीवर, तेवढ्याच सहा मिनिटांत, मी ते फाटक आणि त्यापुढचा विजेचा खांब ओलांडून उसाच्या रसाच्या बंद गाड्यापर्यंत गेले होते. साठेक पावलं असतील. मी ती परत येताना चालत मोजली.